डिझेल गाडीचा खरा ॲव्हरेज किती? जळगाव-धुळ्याच्या रस्त्यावर बोलेरोचा पूर्ण हिशेब



खान्देशात नवीन गाडी दारात आली की पेढा तोंडात जायच्या आधी एक प्रश्न येतो, "भो, कितला ॲव्हरेज देस?" गाडीवाला आकडा सांगतो, ऐकणारा मान डोलावतो आणि विषय संपतो. घरच्या गाडीला एवढं पुरतं. पण तुम्ही ती गाडी धंद्यासाठी घेणार असाल, म्हणजे भाड्याने लावणार असाल, एजन्सीच्या कामाला रावेर-चोपडा-शिरपूर फिरणार असाल, किंवा आठवडाभर धंदा आणि रविवारी घरच्यांना घेऊन वणीला असा दुहेरी वापर असेल, तर हा एकच प्रश्न विचारून १२ लाखांचा निर्णय घेऊ नका.

व्हिडिओमध्ये वेळ कमी असतो, आकडे पटापट निघून जातात. म्हणून इथे सगळा हिशेब सावकाश मांडतो. कागद-पेन घेऊन बसा. उदाहरणाला बोलेरो घेतली आहे, कारण ती २००० सालापासून बाजारात आहे, आपल्या शेजारी नाशिकला बनते आणि आपल्याकडे तालुक्याच्या प्रत्येक स्टँडवर उभी दिसते. तुमच्या मनात दुसरी डिझेल गाडी असली तरी पद्धत हीच, फक्त आकडे तुमचे टाका.

कंपनीचा आकडा येतो कुठून?

जाहिरातीत जो ॲव्हरेज लिहिलेला असतो तो खोटा नसतो, पण तो रस्त्यावरचा नसतो. पुण्याची एआरएआय ही संस्था, किंवा तिच्यासारखी दुसरी मान्यताप्राप्त संस्था, गाडी रोलरवर चढवून ही चाचणी घेते. गाडी जागेवर असते, चाकं फिरतात. सगळी चाचणी साधारण २० मिनिटांची. आधी शहरासारखं थांबत-चालत, मग हायवेसारखं. वेग जास्तीत जास्त ताशी ९० पर्यंत जातो आणि पूर्ण चाचणीचा सरासरी वेग साधारण ३२-३३ पडतो. खोलीचं तापमान ठरवून दिलेलं असतं. एसी बंद. समोरून वारा नाही, चढ नाही, टपावर सामान नाही, मागे सहा माणसं नाहीत.

मग या चाचणीचा उपयोग काय? दोन गाड्यांची तुलना करायला ती उत्तम, कारण दोघींना सारखीच परीक्षा. पण "मला महिन्याला डिझेल किती लागेल" या प्रश्नाचं उत्तर तिच्यात नाही.

बोलेरोचं आजचं इंजिन १,४९३ सीसीचं, तीन सिलिंडरचं. कागदावर आकडा १६ च्या आसपास. रस्त्यावर मात्र गाडी कुठे आणि कशी चालते त्यावर तो बदलतो. पुढच्या सगळ्या हिशेबासाठी मी १४ धरणार आहे. तुमचा १३ निघेल किंवा १५ निघेल. तो कसा काढायचा तेही खाली सांगतो.

आपल्या रस्त्यावर आकडा का घसरतो?

जळगाव ते धुळे, एरंडोल-पारोळा मार्गे, साधारण ९५ किलोमीटर. या महामार्गाचं चौपदरीकरण वर्षानुवर्षं रखडलेलं आपण सगळ्यांनी सोसलं आहे. तेव्हा खड्ड्यांमुळे गिअर बदलून बदलून डिझेल जायचं. आता जिथे रस्ता मोकळा मिळतो तिथे पाय जड होतो आणि वेगामुळे डिझेल जातं.

वेगाचं गणित समजून घ्या. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० वरून १०० वर गेलात, तर वेग सव्वापट झाला, पण हवेचा अडथळा दीडपटीहून थोडा जास्त झाला. लांबट, खाली बसणाऱ्या कारला हे कमी जाणवतं. बोलेरोसारखी उभट, चौकोनी गाडी वारा अक्षरशः छातीवर घेते. वर टपावर कॅरिअर आणि कॅरिअरवर सामान असेल तर विचारूच नका. १०० ने पळून धुळ्याला पोचायला ८० पेक्षा साधारण पंधरा मिनिटंच वाचतात, तीही रस्ता सलग मोकळा मिळाला तर. तेवढ्यासाठी टाकी रिकामी करायची का, हे तुम्ही ठरवा.

दुसरी गोष्ट घाट. धुळ्याहून नाशिककडे निघालं की लळिंगचा चढ, शिरपूरच्या पुढे सेंधव्याकडे जाताना बिजासन घाट, चाळीसगावहून कन्नडकडे जाताना औट्रम घाट, जळगावहून संभाजीनगरला जाताना अजिंठ्याचा घाट. आपण तापीच्या खोऱ्यात राहतो, त्यामुळे बाहेर पडायला बहुतेक वाटांवर चढ आहेच. चढताना जे डिझेल जातं ते उतरताना पूर्ण परत मिळत नाही, कारण उतारावर आपण ब्रेक मारतो.

तिसरी गोष्ट उन्हाळा. भुसावळ-जळगावचा मे महिना म्हणजे पारा ४४-४५ ला टेकलेला. एसी फुल, इंजिनाचा पंखा सतत चालू, आणि गिऱ्हाईक हॉटेलात जेवत असताना "गाडी थंड राहू दे" म्हणून अर्धा तास इंजिन चालूच. या अर्ध्या तासात किलोमीटर शून्य आणि डिझेल मात्र चालू. ॲव्हरेज मग पडणारच.

चौथी गोष्ट वजन. सात सीटच्या गाडीत लग्नसराईत अकरा जण बसवले की इंजिन, क्लच, टायर, ब्रेक सगळ्यांवर ताण येतो. ॲव्हरेज तर जातोच, पण अपघात झाला तर विम्याचा वाद उभा राहतो तो वेगळाच.

टाकी टू टाकी: खरा ॲव्हरेज असा काढा

गाडीच्या स्क्रीनवरचा आकडा हा अंदाज असतो. ५०० रुपयांचं डिझेल टाकून काटा बघणं हाही अंदाजच. खरी पद्धत जुनीच आहे:

१. टाकी फुल करा. नोझल आपोआप बंद झालं की थांबा, वरून थेंब-थेंब भरू नका.
२. किलोमीटरचा आकडा वहीत लिहा, सोबत मोबाईलवर फोटो काढा.
३. कमीत कमी ३००-४०० किलोमीटर नेहमीसारखे चालवा. परीक्षा आहे म्हणून हळू चालवू नका, नाहीतर स्वतःलाच फसवाल.
४. त्याच पंपावर, शक्यतो त्याच मशीनवर पुन्हा फुल करा. किती लिटर बसलं ते पावतीवरून लिहा.
५. चाललेले किलोमीटर भागिले लिटर.

उदाहरण: आधीचा आकडा ३८,२४०, नंतरचा ३८,६५२. म्हणजे ४१२ किलोमीटर. डिझेल बसलं २९.४ लिटर. ॲव्हरेज १४.०१.

हे सलग तीन वेळा करा आणि तिन्हींची सरासरी घ्या. प्रत्येक नोंदीपुढे "हायवे", "गावात", "घाट", "एसी फुल" असा एक शब्द लिहून ठेवा. दोन-तीन महिन्यांत तुमच्याकडे तुमच्याच गाडीचा, तुमच्याच रस्त्याचा आकडा तयार होईल. या वहीचा आणखी एक फायदा आहे. नेहमी १४ देणारी गाडी अचानक १२ वर आली, तर ती काहीतरी सांगते आहे: एअर फिल्टर चोंदला असेल, टायरमध्ये हवा कमी असेल, ब्रेक धरत असेल, इंजेक्टर खराब होत असेल. वही असलेल्याला हे आठवड्यात कळतं. वही नसलेल्याला ते गॅरेजच्या बिलावरून कळतं.

आता मुख्य हिशेब: किलोमीटरला खर्च किती?

समजा, गाडी रस्त्यावर यायला १२ लाख लागले. ३ लाख तुम्ही घातले, ९ लाखांचं कर्ज ५ वर्षांसाठी साडेदहा टक्क्यांनी काढलं. हप्ता बसतो साधारण १९,३५० रुपये. बाकीचे आकडेही "समजा" म्हणून धरा आणि तुमचे खरे आकडे त्या जागी घाला.

गाडी उभी असली तरी लागणारा महिन्याचा खर्च:
– हप्ता: १९,३५०
– विमा, टॅक्स, पासिंग, परमिट मिळून: ५,०००
– ड्रायव्हर: १५,००० (स्वतः चालवत असाल तरी हा आकडा लिहायचाच. तुमची मेहनत फुकट नाही.)
– एकूण: ३९,३५० रुपये. दिवसाला साधारण १,३१२ रुपये.

गाडी धावली तरच लागणारा खर्च, किलोमीटरमागे:
– डिझेल: लिटरचा भाव ९२ धरला आणि ॲव्हरेज १४, तर ६.५७ रुपये
– टायर: चार टायर २८,००० चे, चालले ४५,००० किलोमीटर, तर ०.६२ रुपये
– सर्व्हिस आणि दुरुस्ती: १.२५ रुपये
– एकूण: ८.४४ रुपये

आता हे दोन्ही एकत्र करा.

महिन्याला १,५०० किलोमीटर धावली, तर किलोमीटरमागे खर्च ३४.६७ रुपये.
३,००० धावली, तर २१.५६ रुपये.
४,५०० धावली, तर १७.१८ रुपये.

गाडी तीच, ड्रायव्हर तोच, ॲव्हरेज तोच. फक्त धावणं बदललं आणि खर्च निम्म्यावर आला.

आता ॲव्हरेजची ताकद बघू. समजा, तुम्ही जपून चालवून ॲव्हरेज १४ चा १६ केला. किलोमीटरमागे वाचले ८२ पैसे. ३,००० किलोमीटरला महिन्याचे साधारण २,४६४ रुपये. चांगली रक्कम आहे, सोडू नका. पण गाडी दोन दिवस गॅरेजमध्ये उभी राहिली, तर उभ्या खर्चाचे २,६२३ रुपये गेले, दुरुस्तीचं बिल वेगळं आणि हातचं गिऱ्हाईक दुसऱ्याकडे गेलं ते वेगळं. महिनाभर पाय हलका ठेवून जे कमावलं ते दोन दिवसांत संपलं.

म्हणून धंद्यासाठी गाडी घेताना प्रश्नांचा क्रम असा ठेवा. पहिला, ही गाडी महिन्याला किती किलोमीटर पैशाचे धावेल? दुसरा, वर्षात किती दिवस उभी राहील? आणि तिसरा, ॲव्हरेज किती? आपण तिसरा प्रश्न पहिल्यांदा विचारतो आणि पहिले दोन विचारतच नाही. तिथेच हप्ते थकायला सुरुवात होते.

रिकामी परतफेरी

"पैशाचे किलोमीटर" हा शब्द मी मुद्दाम वापरला. जळगावहून धुळ्याला एक भाडं सोडायचं आहे. गिऱ्हाईक म्हणतं, ९५ किलोमीटरचे १८ रुपयांनी १,७१० घ्या. तुम्ही मनात हिशेब करता: जाऊन-येऊन १९० किलोमीटर, डिझेल साधारण १,२५० चं, म्हणजे साडेचारशे रुपये सुटले. चला!

आता पूर्ण हिशेब. १९० किलोमीटर गुणिले ८.४४ म्हणजे १,६०४ रुपये. दिवसाचा उभा खर्च १,३१२. दोन्ही मिळून २,९१६. हातात आले १,७१०. त्या दिवशी दुसरं भाडं नसेल, तर साडेचारशे सुटले नाहीत, बाराशेच्या वर गेले. खिशात नोटा दिसतात म्हणून हा तोटा दिसत नाही. तो दिसतो हप्त्याच्या तारखेला.

याचा अर्थ असं भाडं घेऊच नये असा नाही. दिवसभर गाडी दारात उभी राहणार असेल, तर १,६०४ च्या वर मिळणारा प्रत्येक रुपया उभ्या खर्चाला हातभार लावतो. पण महिनाभर अशाच फेऱ्या केल्या, तर गाडी पळतेय आणि मालक बसतोय अशी गत होते. म्हणून परतीचं भाडं शोधायची यंत्रणा आधी उभी करा. धुळ्यात दोन-तीन ट्रॅव्हल्सवाले, हॉस्पिटलजवळचे मेडिकलवाले, लॉजचे मॅनेजर यांच्याशी ओळख ठेवा. परतीला अर्ध्या दराने मिळालेलं भाडंसुद्धा ॲव्हरेजमधल्या दोन किलोमीटरपेक्षा जास्त कमाई देतं.

भरवशाची गाडी म्हणजे कोणती?

कधीच बिघडत नाही अशी गाडी नसते. धंद्यासाठी भरवशाची गाडी म्हणजे जी कमी वेळा बिघडते, बिघडली तर जवळ दुरुस्त होते, आणि बिल किती येईल याचा अंदाज आधी बांधता येतो.

बोलेरोची ताकद इथे आहे. खाली स्वतंत्र चासी, मागच्या चाकांना ताकद, मागे पाट्यांचे स्प्रिंग, साधी बांधणी. पारोळ्यात, चोपड्यात, साक्रीत तिला ओळखणारा मेकॅनिक सापडतो आणि पार्टसाठी आठवडा थांबावं लागत नाही. केळीच्या बागेतला चिखल, सातपुड्याच्या पायथ्याचा कच्चा रस्ता तिला नवीन नाही.

उणी बाजूही ऐका. मागे पाट्यांचे स्प्रिंग असल्यामुळे रिकामी गाडी उड्या मारते, लांबच्या प्रवासात मागच्या सीटवरचे वैतागतात. सुरक्षिततेचाही विचार करा. तिच्याच नावाची पण वेगळ्या बांधणीची बोलेरो निओ २०२४ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत गेली, तेव्हा तिला ५ पैकी फक्त १ स्टार मिळाला. घरची माणसं त्याच गाडीत बसणार असतील, तर जी गाडी घ्याल तिचा सुरक्षा चाचणीचा निकाल आणि एअरबॅग किती हे शोरूममध्ये स्पष्ट विचारा. लोखंड जाड म्हणजे गाडी सुरक्षित, हा समज सोडा.

आता नवीन डिझेल गाड्यांची एक गोष्ट, जी शोरूममध्ये नीट समजावली जात नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. त्यानंतरच्या डिझेल गाड्यांत धुराच्या वाटेवर डीपीएफ नावाची जाळी असते. ती काजळी अडवते. काजळी साठली की गाडी ती स्वतः जाळून टाकते, पण त्यासाठी धूर खूप तापावा लागतो, साधारण ५५०-६०० अंशांपर्यंत. तेवढी उष्णता हायवेवर पंधरा-वीस मिनिटं एकसारखी गाडी चालली की मिळते. घर ते दुकान चार किलोमीटर, दुकान ते मार्केट यार्ड दोन किलोमीटर, असं रोज केलंत तर जाळी साफ होणार नाही. मग डॅशबोर्डवर दिवा लागतो. दिवा लागला की दुर्लक्ष करू नका. हायवेवर एक मोठी फेरी मारा. तरी गेला नाही तर सरळ सर्व्हिस सेंटर गाठा. जाळी पूर्ण चोंदली तर बिल चांगलंच मोठं येतं.

काही मोठ्या डिझेल गाड्यांना वेगळ्या टाकीत डीईएफ, म्हणजे युरियाचं द्रावणही भरावं लागतं. घेण्याआधी विचारा, आणि तो खर्च किलोमीटरच्या हिशेबात धरा.

आपल्या भागासाठी देखभालीच्या पाच सवयी:

– एअर फिल्टर: आपल्याकडची धूळ बारीक असते. पुस्तिकेत धुळीच्या भागासाठी वेगळी मुदत दिलेली असते, ती पाळा.
– कूलंट: उन्हाळ्याआधी, म्हणजे होळीच्या सुमाराला, कूलंट, होसपाइप आणि पंख्याचा बेल्ट तपासून घ्या. रेडिएटरमध्ये नुसतं बोअरचं पाणी टाकू नका. आपल्याकडचं पाणी जड आहे, आतून क्षार धरतो.
– टायरची हवा: सकाळी टायर थंड असताना तपासा. दुपारी तापलेल्या टायरमधली हवा जास्त दिसते म्हणून सोडू नका. संध्याकाळी ती कमी पडते.
– ऑइल: डीपीएफ असलेल्या गाडीला कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच ऑइल टाका. शंभर-दोनशे रुपये वाचवायला दुसरं टाकलं तर जाळी लवकर भरते.
– टर्बो: घाट चढून किंवा जोरात चालवून आल्यावर लगेच चावी फिरवू नका. एक मिनिट इंजिन चालू ठेवा, मग बंद करा.

डिझेल कोणी घ्यावी, कोणी घेऊ नये?

ज्या मॉडेलला पेट्रोल आणि डिझेल दोन्ही इंजिनं मिळतात तिथे हा हिशेब करा. समजा, डिझेल गाडी १,२०,००० रुपयांनी महाग आहे. पेट्रोल १०५ रुपये, ॲव्हरेज १२, म्हणजे किलोमीटरला ८.७५. डिझेल ९२ रुपये, ॲव्हरेज १५, म्हणजे ६.१३. फरक २.६२ रुपये. डिझेलचा देखभालीचा जादा खर्च ५० पैसे वजा केला, तर उरले २.१२. १,२०,००० भागिले २.१२ म्हणजे साधारण ५६,६०० किलोमीटर. एवढी गाडी चालेपर्यंत तुम्ही फक्त जादा दिलेले पैसे वसूल करताय. फायदा त्याच्या पुढे.

महिन्याला ३,००० किलोमीटर धावणाऱ्याचे हे पैसे दीड-पावणेदोन वर्षांत वसूल होतात. महिन्याला ८०० धावणाऱ्याला जवळपास सहा वर्षं लागतात. त्याने डिझेलच्या वाटेला जाऊच नये, त्यात वर डीपीएफची डोकेदुखी. सात सीटच हव्या असतील तर सीएनजीचाही हिशेब याच पद्धतीने करा. मारुतीने २०२० पासून डिझेल बंद केल्यावर अर्टिगा पेट्रोल-सीएनजीवरच आहे, आणि टुरिस्टवाल्यांमध्ये तिला मागणी आहे. पण तुमच्या रोजच्या वाटेवर सीएनजीचा पंप कुठे आहे आणि तिथे रांगेत किती वेळ जातो, हे आठवडाभर स्वतः जाऊन बघा. रांगेतला तासही पैशाचाच असतो.

पांढरी पाटी, भाड्याचा धंदा

हा मुद्दा कडू आहे, पण सांगावा लागेल. खूप तरुण घरगुती पासिंगची, म्हणजे पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने फिरवतात. टॅक्स वाचतो, परमिट वाचतं. पण मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे भाड्याने माणसं न्यायला परमिट लागतं. घरगुती विम्याच्या पॉलिसीत गाडी कशासाठी वापरायची हे लिहिलेलं असतं आणि भाड्याचा वापर त्यात बसत नाही. अपघात झाला आणि गाडी भाड्यावर होती हे निघालं, तर कंपनी क्लेम नाकारू शकते. गाडी गेली, कर्ज राहिलं आणि जखमींची भरपाई तुमच्या अंगावर. एका अपघातात शेत विकायची वेळ येऊ शकते. भाड्याने लावायची असेल तर पिवळ्या पाटीचीच घ्या. पिवळ्या पाटीच्या गाडीला पहिली ८ वर्षं दर २ वर्षांनी आणि नंतर दरवर्षी पासिंग करावं लागतं. तो खर्च आणि ते उभे दिवस हिशेबात आधीच धरा.

सरळ मार्गाचे फायदेही आहेत. भाड्याने चालवायच्या गाडीवर आयकरात ३० टक्के घसारा मिळतो, साध्या मोटारीवर १५ टक्के. १३ पर्यंत सीटच्या गाडीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट एरवी मिळत नाही, पण प्रवासी वाहतूक हाच व्यवसाय असेल तर तिथे सूट आहे. ते तुम्हाला लागू होतं का, हे गाडी बुक करण्याआधी तुमच्या सीएला विचारा. बुक झाल्यावर विचारून उपयोग नाही.

जुनी गाडी घ्यायची असेल तर

भांडवल कमी असेल तर जुनी घेणं वाईट नाही. हप्ता निम्मा झाला की वरच्या हिशेबातला सगळ्यात मोठा आकडा खाली येतो. पण पाहायला सकाळी लवकर जा आणि मालकाला सांगून ठेवा की इंजिन आधी तापवू नका. थंड इंजिन किती वेळात चालू होतं, धूर निळा, काळा की पांढरा, ऑइलचं झाकण उघडल्यावर वाफेचा झोत येतो का, हे बघा. तुमचा मेकॅनिक सोबत न्या आणि त्याची हजेरी आनंदाने द्या.

दिल्लीकडून स्वस्तात आलेल्या डिझेल गाड्या बाजारात दिसतात. तिकडे जुन्या डिझेल गाड्यांवर बंदी आल्यामुळे त्या बाहेर पडतात. ही बंदी दिल्ली-एनसीआरची आहे, आपल्याकडची नाही. पण एनओसी, आपल्या आरटीओत नावावर होणं आणि इथला टॅक्स, हे सगळं कागदावर झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. एमएच-१९ किंवा एमएच-१८ ची, ओळखीतली, सर्व्हिसची बिलं असलेली गाडी थोडी महाग मिळाली तरी परवडते.

तुमचा गृहपाठ

मित्रांनो, बुकिंगची रक्कम भरायच्या आधी एक आठवडा हे करा. ज्या गिऱ्हाइकांच्या भरवशावर गाडी घेताय त्यांची नावं लिहा. प्रत्येकापुढे महिन्याचे पक्के किलोमीटर लिहा, आशेचे नाही. बेरीज करा. वरच्या पद्धतीने तुमचा किलोमीटरचा खर्च काढा आणि तुमच्या भागात चालू असलेल्या दराशी ताडून बघा. दर खर्चापेक्षा जास्त असेल तर बिनधास्त घ्या. कमी असेल, तर गाडी सहा महिने पुढे ढकला आणि आधी गिऱ्हाईक वाढवा. तोवर दुसऱ्याची गाडी कमिशनवर चालवून बघा. शोरूममधली गाडी कुठे जात नाही.

गाडी आधीच असेल, तर आजच टाकी फुल करा आणि वही सुरू करा. तीन टाक्या झाल्या की तुमचा आकडा, गाडी आणि रस्ता कमेंटमध्ये लिहा. जळगाव-धुळे, चाळीसगाव-कन्नड, शिरपूर-सेंधवा, कुठलाही चालेल. पुढच्या व्हिडिओत आपण याच आकड्यांवरून भाड्याचा दर कसा ठरवायचा ते बघू.

भेटूया. गाडी सावकाश चालवा, हिशेब रोज लिहा.